पेटीची शिट्टी

माझ्या यंत्राला शिट्टी वाजते की नाही, यावरून आमच्या कॉलेजात दोन तट पडले होते. वाजत नाही म्हणणाऱ्यांत मी, फिजिक्सचे केळकर सर, प्राचार्य आणि ऑफिसातली जुनी मंडळी होती. वाजते म्हणणाऱ्यांत झाडून सगळी पोरं. मी पॉवर इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात उभं आयुष्य घालवलेलं, त्यात यंत्र माझ्या हातचं. त्यामुळे पोरांना यातलं ओ की ठो कळत नाही, असा निकाल मी केव्हाच देऊन टाकला होता.

पॉवर इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे काय, हे मला माझ्या सासूबाईंनासुद्धा कधी समजावता आलं नाही. त्यांच्या मते मी 'लाइटीचं' शिकवायचे. तसं ते फारसं चूक नाही. पंख्याचा जुना, डब्याएवढा रेग्युलेटर आठवतोय? पंखा हळू करायचा तर जास्तीची वीज तो स्वतः तापून वाया घालवायचा. आम्ही तसं करत नाही, आम्ही वीज कापतो. सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद, चालू-बंद करून हवी तेवढीच पुढे सोडतो. तुमच्या मोबाइलच्या चार्जरमध्ये आणि इंडक्शनच्या शेगडीत हेच चाललेलं असतं. फक्त असं कापताना आतल्या तांब्याच्या वेटोळ्यांना हिसके बसतात आणि ती कुरकुरायला लागतात. ही कुरकुर बंद करण्यात आमच्यासारख्यांची हयात जाते. माझीही गेली, आणि मी ती बंद करून दाखवली आहे असा माझा ठाम समज होता.

आमचं कॉलेज अलिबाग-मांडवा रस्त्यावरचं, नारळांच्या मधोमध. संशोधन केंद्र म्हणजे वरच्या मजल्यावरची एक खोली, जिच्या खिडकीतून समुद्र दिसतो आणि त्यामुळे आत कोणाचं लक्ष लागत नाही. त्या केंद्राची समन्वयक मी. एके वर्षी वरून फर्मान आलं की यापुढे अनुदान हवं असेल तर संशोधन आंतरविद्याशाखीय पाहिजे, एका विषयाच्या प्रकल्पाला काही मिळणार नाही. केळकर सर म्हणाले, "म्हणजे आता पत्रिका न बघता चौघांचं एकत्र लग्न लावायचं."

लग्न लावलं. किहीमच्या पुढे एका गावात रस्त्याकडेला कोळणींचा बाजार भरतो. तिथे उन्हात मासळी मऊ पडते आणि दुपारनंतर बायका ती मिळेल त्या भावाने काढून टाकतात. म्हणून आम्ही त्यांना सौरऊर्जेवर चालणारी थंड पेटी करून द्यायची ठरवली. वीज कापायचं यंत्र माझं. पेटीत थंडावा किती टिकतो, ते मोजायला फिजिक्स. पेटीमुळे बायकांना भाव जास्त मिळतो का, ते शोधायला अर्थशास्त्र. चौथा विषय सापडेना. शेवटी भाषाशास्त्राची शबाना हाताशी होती, तिला घेतलं. ती मुरूडकडची, वडील आखातात, घरात आई आणि चार मावश्या, सगळ्या एकाच वेळी बोलणाऱ्या. घासाघीस चालू असताना आधी कोण बोलतं, कोण गप्प बसतं, 'भाऊ'चा 'शेट' कधी होतो, हा तिचा पीएचडीचा विषय होता. बाजारातल्या सगळ्यांना विचारून, सांगून ती टोपलीच्या कडेला रेकॉर्डर लावून बसायची. पेटीशी तिचा संबंध काय, असं प्रस्तावात लिहायचं होतं, तिथे मी 'व्यापक' हा शब्द तीनदा वापरला.

या सगळ्यात ज्याचं खरंच काही पणाला लागलं होतं तो अर्थशास्त्राचा मंदार. घाटावरचा मुलगा, शुद्ध शाकाहारी, आमच्याकडे तासिका तत्त्वावर शिकवणारा. तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास तेवढा पगार, आणि सुट्टी लागली की चूल बंद. त्याच्या पीएचडीला मिळणारी शेवटची मुदतवाढ मिळून गेली होती. कॉलेजात अर्थशास्त्राची एक कायम जागा निघाली होती आणि पीएचडीशिवाय मुलाखतीलाही बोलावणार नव्हते. अशी जागा पुन्हा कधी निघेल, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. पावसाळी मासेमारी बंदीच्या आत त्याची माहिती गोळा व्हायला हवी होती, नाहीतर सगळंच संपलं.

मंदारने पहिल्याच दिवशी घोटाळा केला. शिस्तीचा मुलगा, पहाटे बाजार मांडायच्या वेळी हजर झाला. प्रत्येक बाईपुढे उभं राहून "पापलेटचा भाव काय? सुरमईचा?" असं विचारायचं, फॉर्मवर लिहायचं आणि पुढे जायचं, असं त्याने अख्ख्या रांगेचं केलं. आता आमच्या भागात दिवसातलं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे भवानी. भवानीच्या गिऱ्हाइकाने भाव विचारून रिकाम्या हाताने जायचं नसतं. गेला तर त्या बाईचा दिवस गेला. याने एकटीची नाही, ओळीने सगळ्यांची भवानी मोडली. तिसऱ्या दिवशी हिराबाईंनी त्याला अडवलं. हिराबाई म्हणजे त्या बाजाराच्या प्राचार्यच, फक्त आमच्या प्राचार्यांचं कोणी ऐकत नाही.

"ए मास्तर, रोज भवानीच्या टायमाला भाव इचारतंस आन् तसाच चालतंस? आमची भवानी कोन करनार, तुजा बापूस?"

मंदारने मला फोन केला. मी म्हटलं, बाबा रे, पाया पड आणि मासळी घे. तर त्याने प्रत्येक बाईकडून थोडी थोडी घेतली आणि दोन्ही हात अंगापासून लांब धरून, रिक्षाने कॉलेजात आणली. केळकर सरांनी ती प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये ठेवली. त्या आठवड्यात फिजिक्स विभागात प्रवेश करणं अवघड होतं, पण स्टाफरूममध्ये मंदारची लोकप्रियता एकदम वाढली.

बायकांचा राग गेला, पण संशय राहिला. हा पोरगा सरकारचा माणूस असणार, अशी बाजारात बोलवा झाली. मग भाव विचारला की बायका तोंडाला येईल ते सांगायच्या. पेटीबद्दल विचारलं की सगळ्यांचं एकच उत्तर, "पेटी बेस हाय." मासळी ठेवता का? "पेटी बेस हाय." फायदा होतो का? "बेस हाय, सांगतंय ना." मंदारच्या फॉर्मांचा गठ्ठा वाढत होता आणि त्यात पाहण्यासारखं काहीही नव्हतं.

मी एकदा जाऊन पाहिलं. हिराबाईंशेजारी मांडलेली पेटी रिकामी. असं का, हे विचारायचीही गरज पडली नाही, कारण तेवढ्यात मुंबईचं एक जोडपं गाडीतून उतरलं. पेटीवर मी मोठ्या हौसेने हिरवा दिवा बसवला होता, ती चालू आहे हे लांबून कळावं म्हणून. ते त्यांना लांबूनच कळलं. "बर्फातली आहे वाटतं," बाई म्हणाल्या. हिराबाईंनी कल्ला उघडून लालभडक दाखवला, शपथ घेतली, तरी त्या बाईंनी भाव पाडूनच घेतला. आमच्याकडे मासळी ताजी म्हणजे आत्ता होडीतून उतरलेली. पेटीशेजारी दिसली की ती शिळी. ज्या पेटीने भाव वाढायचा, तिच्या नुसत्या दिव्याने तो पडत होता. प्रस्ताव लिहिताना आम्ही चार विभाग तीन महिने बसलो होतो आणि हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आम्ही सगळे त्याच रस्त्यावर मासळी घेतो, आणि बर्फाची नको असं रोज म्हणतो.

अशात एका दुपारी शबाना हेडफोन घेऊन आली. "मॅडम, तुमची पेटी माझ्या कानात सुई घालते. बघा ऐकून." मी ऐकलं. हिराबाई आणि एक गिऱ्हाईक भांडत होते, मागे कावळे. "कुठे काय आहे?" मी म्हटलं. "मॅडम, अख्खा वेळ वाजतंय!" मी केळकर सरांना बोलावलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "शांत. ध्यानाला बसावं असं." मंदार म्हणाला, वाजतंय. शिपाई म्हणाला, वाजतंय. मी म्हटलं, तुमच्या रेकॉर्डरमध्ये दोष असेल. माझ्या अहवालात 'पूर्णपणे आवाजरहित' असं ठळक छापलेलं होतं.

केळकर सर भांडणात पडत नाहीत, ते मोजतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टाफरूममध्ये लॅपटॉप आणि स्पीकर आणला आणि सगळ्यांना हात वर करायला लावले. हळूहळू चढत जाणारा सूर लावतो, ऐकू यायचं थांबलं की हात खाली घ्या, असं सांगितलं. सूर चढत गेला, बारीक झाला आणि मग थांबला. मी हात खाली घेतला. थोडा वेळ वाट पाहिली आणि म्हटलं, "सर, लावा ना पुढचं."

ते पडद्याकडे बघत म्हणाले, "केव्हाचं लागलंय. मलाही नाही ऐकू येत."

खोलीभर पाहिलं तर माझ्या वयाचे सगळे हात खाली होते. शबानाचा, मंदारचा, दोन नव्या प्राध्यापिकांचा हात अजून वरच होता, आणि ती सगळी तोंड वाकडं करून "बंद करा ना" म्हणत होती. वय वाढलं की वरचे सूर आधी जातात, केळकर सरांनी समजावलं. जातात ते जाताना सांगून जात नाहीत. केस पांढरे झाले तेव्हा मी मेंदी लावली, चष्मा लागला तेव्हा छान फ्रेम घेतली. पण जे काम आयुष्यभर कानाने तपासलं ते कानच फितूर झालेत, हे कळल्यावर त्या खोलीत मला फार म्हातारं वाटलं.

माझं दुःख चालू असताना मंदार मात्र केळकर सरांच्या पडद्यापुढे बसून होता. शबानाची सगळी रेकॉर्डिंग त्याने त्यावर पाहिली. आवाजाचं चित्र दिसतं तिथे. खाली माणसांच्या बोलण्याचे ढग, आणि वर, एकटी, सरळ, एक बारीक रेघ, ती माझी शिट्टी.

"मॅडम, ही रेघ कधी आहे, कधी नाही," तो धावत येऊन म्हणाला. "म्हणजे पेटी कधी चालू होती हे कळतंय. आणि खाली घासाघीस आहे, खरी. बाईने किती सांगितले, कितीवर तुटलं, सगळं. मला कोणी खोटं सांगायचा प्रश्नच नाही, कारण मी तिथे नव्हतोच!"

मग आमचं चौघांचं लग्न खऱ्या अर्थाने लागलं. शबानाने घासाघीस उतरवून दिली, केळकर सरांनी रेघा मोजल्या, मंदारने भाव लावले. निष्कर्ष असा निघाला की तीच बाई, तीच मासळी, तीच सकाळची वेळ, पण शिट्टी असेल तर भाव खाली तुटतो. प्रस्तावात लिहिलं होतं त्याच्या बरोबर उलट. त्यात माझी भूमिका एवढीच होती की माझ्या यंत्राने वाजायचं आणि मी ते वाजतं असं लिहून द्यायचं. 'पूर्णपणे आवाजरहित' या शब्दांवर मी स्वतःच्या हाताने काट मारली. तो दिवस मला अजून आठवतो आणि अजून आवडत नाही.

आता तोंडी परीक्षा. पीएचडीचा प्रबंध बाहेरच्या परीक्षकाकडे जातो आणि मग तो परीक्षक स्वतः येऊन उमेदवाराला सगळ्यांसमोर भाजून काढतो. आमच्या कॉलेजला परीक्षक मिळायला कधीच अडचण आली नाही, कारण तो गेटवेहून बोटीने मांडव्याला येतो, दुपारी मासे जेवतो आणि जाताना पापलेट बांधून नेतो. पापलेटची व्यवस्था कोणी करायची, हे परीक्षेच्या तयारीत धरलेलंच असतं.

मंदारचे परीक्षक अर्थशास्त्रातले नावाजलेले, साठी उलटलेले. पहिला तास छान गेला. ती शिट्टी त्यांनाही ऐकू आली नाही, पण केळकर सरांची रेघ त्यांनी मान्य केली. मग त्यांनी चष्मा काढला.

"एकच शंका. बाई पेटी चालू कधी करते? मासळी शिळी व्हायला लागल्यावर ना? मग भाव पडला तो शिळ्या मासळीचा. पेटीचा काय संबंध?"

शंका अगदी रास्त होती आणि तिचं उत्तर आमच्यापैकी कोणाकडेच नव्हतं. बायका पेटीत मासळी ठेवत नाहीत, मग पेटी चालू करतात तरी कशाला, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं. रेघ दिसली याच आनंदात आम्ही होतो.

"हे शोधून काढा," परीक्षक शांतपणे म्हणाले. "आणखी एक हंगाम माहिती घ्या. मग बघू."

आणखी हंगाम म्हणजे मुदत गेली, जागा गेली. मंदार "हो सर" म्हणाला आणि खाली बसून कागद नीट लावत राहिला, नीट लागलेलेच कागद पुन्हा पुन्हा. मला त्याच्याकडे बघवेना. प्राचार्य म्हणाले, "आधी जेवून घेऊ." सुरमई उत्तम होती, तरी ताटात तशीच राहिली. निघायच्या आधी, ठरल्याप्रमाणे, पापलेट घ्यायला आम्ही परीक्षकांना बाजारात नेलं. शबाना होती, मंदारही आला. मला वाटतं त्याला खोलीवर एकटं जायचं नव्हतं.

हिराबाईंपुढे टोपली, बाजूला पेटी बंद. परीक्षकांनी भाव विचारला नाही, थेट म्हणाले, "मावशी, ही पेटी तुम्ही कधी लावता? मासळी शिळी झाली की?"

"शिली?" हिराबाई उठून उभ्या राहिल्या. "माजेकरं शिली? कोन बोलला?"

परीक्षक दोन पावलं मागे सरले. "नाही, नाही. पण मग लावता कधी?"

"मांजरा आली का."

कोणाला काही समजलं नाही. तेवढ्यात कंपाउंडच्या भिंतीवरून एक कान तुटलेला पिवळा बोका उतरला, त्याच्यामागे आणखी दोघी. सरळ टोपलीकडे. हिराबाईंनी हात लांब करून बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. मला काहीही ऐकू आलं नाही. शबानाने मात्र चेहरा आंबट केला. बोका जागच्या जागी थांबला, कान मागे पाडले आणि आल्या वाटेने भिंतीवर चढला. दोघी त्याच्या मागे.

"बगला? म्हनून बोलताव, पेटी बेस हाय." हिराबाई बसल्या. "गिऱ्हाईक आला का बंद करताव. दिवा बगून लोक बोलतान बर्फाची हाय. कदी कदी इसरताव."

परीक्षक हळूच म्हणाले, "विसरता?"

"आता पन्नास कामा. इसरनार न्हाय?"

अर्थशास्त्री माणसाला आनंद कशाचा होईल, सांगता येत नाही. मासळी ताजी की शिळी, याचा पेटीशी संबंधच नव्हता. चालू करायची मांजरांसाठी, आणि गिऱ्हाइकासमोर चालू राहायची ती निव्वळ विसरल्यामुळे. म्हणजे मंदारने मोजला तो भाव दिव्यानेच पडला होता, मासळीने नव्हे. परीक्षकांनी हिराबाईंना पेटी बंद करायला लावली. बोका उतरला. चालू करायला लावली. बोका चढला. पुन्हा बंद. चौथ्या वेळी हिराबाई म्हणाल्या, "शेट, मावरा घेनार का मांजर खेलवनार?" तेव्हा त्यांनी खिसे चाचपले, पेन काढलं आणि कागद मागितले. मंदारच्या निकालावर सही झाली ती हिराबाईंच्या पेटीच्या झाकणावर टेकवून. कागदाला वास लागला, तो विद्यापीठापर्यंत गेला असणार.

त्या शाकाहारी मुलाने हिराबाईंकडून एक अख्खी सुरमई घेतली, भावसुद्धा न करता, आणि ती माझ्या हातात दिली. मग तो तोंड फिरवून रस्त्याकडे बघत राहिला. मीही रस्त्याकडेच बघितलं. पुढे मुलाखत झाली आणि जागा त्याला मिळाली.

एक हळहळ आहेच. ज्यासाठी पेटी केली ते काम तिने कधी केलंच नाही. आजही दुपार कलली की मासळी मिळेल त्या भावाने जाते, आणि पेटी शेजारी रिकामी असते. चार विषयांचे विद्वान मिळून आम्ही त्या बायकांना एक महागडं हडहड करणारं यंत्र दिलं.

निवृत्तीच्या आधी माझा अहंकार उसळला. वाजतं असं कबूल केलं होतं, ते मला आत टोचत होतं. मी रात्रंदिवस खपून यंत्र सुधारलं, शबानाला कान लावायला बसवलं, तिने "आता काही नाही" म्हटल्यावर ते बाजारात बसवून आले. चौथ्या दिवशी हिराबाई चार बायकांना घेऊन कॉलेजात आल्या.

"बाय, तुजी नवी पेटी मुकी हाय. मांजरा तिच्यावरच झोपतान. आमचा जुना आवाज आमाला दे."

"आवाज तुम्हाला तरी येतो का?" मी विचारलं. त्या माझ्याच वयाच्या.

"न्हाय. मांजरांना येतंय, बास हाय."

मग मी जुनं यंत्र परत बसवलं, आणि वाजतंय का हे सांगायला शबाना त्या दिवशी आलेली नव्हती.

आता मी निवृत्त आहे. आठवड्यातून दोनदा त्या बाजारात जाते. पेटी चालू आहे का, हे मी हिराबाईंना कधी विचारत नाही आणि हिरव्या दिव्याकडेही बघत नाही, तो मीच काढून टाकला. परवा गेले तेव्हा त्या पाणी आणायला उठल्या होत्या, ताज्या बांगड्यांची टोपली उघडी होती. मी भिंतीकडे पाहिलं. एक कान तुटलेला तो बोका वर बसून होता, डोळे टोपलीवर, आणि खाली उतरत नव्हता. माझं यंत्र छान चाललं होतं.